कुणाचा डावा?

माझे साडू तीस वर्षं हातात दांडी धरून उभे राहिले. हे मी थट्टेनं सांगत नाही, मोजणी खात्यात त्यांचं कामच ते होतं. मोजणीसाहेब टेकाडावर तिपाई लावून दुर्बिणीला डोळा लावायचे आणि हे समोर, फर्लांगभर लांब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच दांडी सरळ धरून उभे. साहेबांनी हात हलवला की सरकायचं, हात वर केला की थांबायचं, दोन्ही हात खाली सोडले की झालं, पुढचा मुक्काम. नात्यात सगळे त्यांना दांडीवाले म्हणतात. तीस वर्षांत एकही दांडी न मारलेला दांडीवाला, हा विनोद मी त्यांच्या तोंडावर शंभरदा तरी केला असेल. ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. माणूस तसा आहे.

मग खात्यात नवं यंत्र आलं. ते एकटा साहेबच खांद्यावर टाकून नेतो, कुठेही ठेवतो आणि ते थेट आकाशाशी बोलतं. दांडी धरायला माणूस लागत नाही. दांडीवाल्यांना वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि दोन वाटा दाखवल्या. एक, दफ्तरखान्यात बसून जुने नकाशे झटकायचे. दुसरी, गावाबाहेरच्या टेकडीमागे खात्यानं चालवायला घेतलेलं शिबिर केंद्र होतं, तिथे लोकांचे गट घेऊन डोंगरात जायचं.

"तुम्हाला डोंगर माहीत आहेत," वरिष्ठ म्हणाले.

"डोंगर आहेत माहीत," साडू म्हणाले. "लोक नाहीत."

ते हसण्यावारी गेलं आणि कागदावर सही झाली.

बोलणं हा साडूंचा प्रांत कधीच नव्हता. ज्याच्याबरोबर आयुष्यभर काम केलं तो माणूस फर्लांगभर लांब, बोलणार काय आणि कुणाशी? घरी ताईच बोलायची. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांची बायको. ती तेव्हा सव्वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. हा माणूस आता चारचौघांना शिकवणार, हे ऐकून ती भाजी चिरायची थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही घरात पाहुणे आले तर गच्चीवर जाता."

"तेच म्हणतोय मी," साडू म्हणाले.

केंद्रावर आधी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या. एकीत दोर, डोक्यावरच्या टोप्या आणि पाण्याचे कॅन, दुसरीत बाकं. शिकणारे आठजण, सगळे तिशीच्या आतले, साडू बावन्नचे. शिकवायला दोघं. एक मुलगी, अठ्ठावीस-एकोणतीसची, गळ्यात कायम शिट्टी; ती वाजवलेली मात्र कुणी ऐकली नव्हती. पोरांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं, साडू तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना काका. दुसरे फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांना सगळे फौजी म्हणत.

पहिल्या दिवशी शिट्टीनं सगळ्यांना मोकळ्या माळावर गोल उभं केलं. ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतंय ते बघा, म्हणाली. शिकवणाऱ्यानं ऊन स्वतःच्या तोंडावर घ्यायचं, ऐकणाऱ्यांच्या पाठीवर द्यायचं. मग म्हणाली, समोर तोंड करून डावीकडे वळा म्हणू नका. तुमचा डावा हात म्हणजे त्यांचा उजवा. आधी त्यांच्याकडे पाठ करा, मग हात दाखवा. साडूंनी हे सगळं वहीत उतरवलं. त्यांना ते पटलंही. तीस वर्षं कुणी तरी आपल्याला समोरून हात दाखवत होतं, हे मात्र तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नाही.

घोळ तिसऱ्या दिवसापासून सुरू झाला. प्रत्येकानं बाकीच्यांना काहीतरी शिकवून दाखवायचं होतं. साडूंना आला नकाशा. यांना आनंद झाला, हे तर घरचंच. उभे राहिले आणि चार मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले: उत्तर कशी धरायची, उंचीच्या रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाट, ओढा कसा ओळखायचा, पायवाट कशी. सातही जणांनी माना डोलावल्या. शिट्टी म्हणाली, "छान. आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि उत्तरेकडे बोट करा."

सात बोटं सात दिशांना. एक तर चक्क खाली जमिनीकडे.

"पण मी सांगितलं की!" साडू म्हणाले.

"सांगितलंत, काका. शिकवलं नाहीत."

"फरक काय दोन्हीत?"

"तुम्हाला काय वाटतं?" शिट्टी म्हणाली.

साडूंना वाटलं, हिला माहीत नसावं, म्हणून मलाच विचारते आहे. मग कळलं की ही पद्धत आहे. शिकवणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. विचारायचं. चुकू द्यायचं. माणूस चुकला की आपोआप शिकतो. जीवाला धोका नसेल तोवर आपण तोंड उघडायचं नाही.

ठीक. वहीच्या डाव्या पानावर उतरवलं: बोलायचं नाही. हे आपल्याला जमेल, असंही त्यांना वाटलं.

दुपारी फौजींचा तास. फौजी म्हणाले, डोंगरात मतं घ्यायची नसतात. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. गट चुकतोय दिसलं की त्याच पावलावर थांबवायचा, दहावं पाऊल पडू द्यायचं नाही. सगळे नजरेत हवेत. वेळ म्हणजे वेळ. साडूंनी उजव्या पानावर उतरवलं: लगेच बोलायचं.

त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. माझं चष्म्याचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. वही माझ्यापुढे उघडून ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा आणि सांगा. यातलं कुठलं खरं?"

मी वाचलं. "दोन्ही खरी असतील," म्हटलं.

"दोन्ही एका वेळी कशी खरी असतील? माणसानं तोंड उघडायचं का मिटायचं?"

मी चष्मे विकणारा माणूस. एका डोळ्याला एक काच, दुसऱ्याला दुसरी, एवढंच मला माहीत. पण ते सांगून त्यांचं समाधान झालं नसतं, म्हणून चहा मागवला.

सहाव्या आठवड्यात परीक्षा. प्रत्येकाला एक खरा गट द्यायचा आणि दिवसभर एकट्यानं न्यायचा. साडूंच्या वाट्याला औषधं भरण्याच्या एका कारखान्यातल्या अकरा बायका आल्या. कारखान्यानं त्यांना 'एकजूट वाढावी' म्हणून पाठवलं होतं. त्यांच्यात एक सुपरवायझर होत्या, प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर त्याच द्यायच्या. आणि एक बारीक चणीची बाई होती, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासणारी. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. साडूंना ती लगेच आवडली.

काम सोपं होतं. नकाशावर सहा खुणा. तिथे जाऊन सहा झेंड्या शोधायच्या आणि दीड वाजेपर्यंत परत यायचं. वाट नवीन होती, यापूर्वी त्या बाजूला कुठलाच गट गेला नव्हता. नकाशावर खुणा शिट्टीनं केल्या. पहाटे जाऊन झेंड्या साडूंनी लावल्या, नकाशा न बघता, नुसती जागांची नावं ऐकून, कारण तो उतार त्यांच्या पायाखालचा होता. चौथी झेंडी जुन्या दगडखाणीत.

तीन झेंड्या झटपट मिळाल्या. चौथ्याला बायकांनी नकाशा बघितला, आपसात बोलल्या आणि ओढा ओलांडून डावीकडे चालू लागल्या.

खाण उजवीकडे होती, ओढ्याच्या अलीकडेच. तीनशे पावलांवर, झुडपांमागे. पहाटेच तर साडू तिथे उभे होते.

आता वही आठवा. डावं पान म्हणतं, चुकू द्या. उजवं म्हणतं, दहावं पाऊल पडू देऊ नका. साडूंनी पावलं मोजली. आठ, नऊ, दहा, अकरा. तोंड उघडलं, मिटलं. बारा. मग त्यांना वाटलं, धोका तर काही नाही, उतार सौम्य आहे. आणि ते मुकाट्यानं मागून चालत राहिले. सुपरवायझरबाईंनी दोनदा वळून विचारलं, "बरोबर चाललोय ना आम्ही?" साडू म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, नुसतं बघितलं. ते बघणं, साडू म्हणतात, अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पाऊण तास चालून सगळ्या एका मोठ्या काळ्या कातळापाशी पोचल्या. झेंडी नाही. खाण नाही. शोधाशोध झाली, कातळाला तीन फेऱ्या झाल्या, आवाज चढले. एकीची चप्पल तुटली. सुपरवायझरबाई म्हणाल्या, नकाशा धरणारीला अक्कल नाही. नकाशा धरणारी म्हणाली, मग तुम्ही धरायचा होता. एकजूट अशी वाढत होती.

तेवढ्यात ती चिठ्ठ्या तपासणारी बाई पुढे आली. तिनं नकाशा घेतला, कातळावर पसरला आणि बराच वेळ दोन ठिकाणांवर दोन बोटं ठेवून उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "इथे नकाशात खाण लिहिली आहे. आणि ओढ्यापलीकडे, इथे, मोठा कातळ लिहिलाय."

"बरं," साडू म्हणाले.

"कातळ तर हा इथे आहे. मग पलीकडे काय आहे?"

साडूंनी ओढ्याकडे वळून बघितलं.

"पलीकडे खाण असणार," ती म्हणाली. "चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीये. आमच्याकडे होतं असं. खोकल्याच्या बाटलीवर तापाची चिठ्ठी. माल बरोबर, चिठ्ठी चुकीची."

साडूंनी नकाशा हातात घेतला. सकाळपासून त्यांनी तो नीट बघितलाच नव्हता, गरज काय? खरंच, खाण डावीकडे छापलेली होती आणि कातळ उजवीकडे. बायका नकाशाप्रमाणे अगदी बिनचूक आल्या होत्या. पाऊण तास त्या बरोबर चालत होत्या आणि मागून येणारा, सगळं माहीत असलेला माणूस त्यांना चुकलेलं समजत होता.

मग त्यांनी कोपऱ्यातलं साल वाचलं आणि ते खाली बसले.

त्या उताराची मोजणी बावीस वर्षांपूर्वी झाली होती. दांडी त्यांच्याच हातात होती. साहेबांची दाढ ठणकत होती, लवकर उरकायचं होतं. टेकाडावरून साहेबांनी हातानं सांगितलं: आधी ती जागा, मग ती. आधी डावीकडची, मग उजवीकडची. झुडपांमधून साहेबांना दांडीचा फक्त वरचा तुकडा दिसत होता. ते दांडी दिसेल तिकडे दुर्बीण फिरवून क्रमानं लिहून घेणार: पहिली खाण, दुसरा कातळ. आणि हे समोर तोंड करून उभे. साहेबांचा डावा, की यांचा डावा?

"मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते मला नंतर म्हणाले. "तेव्हा मी नुसतं लिहून घेतलं."

बायकांपुढे त्यांनी एवढंच म्हटलं, "नकाशा चुकलाय. तुम्ही बरोबर आहात."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" सुपरवायझरबाई.

"मला वाटलं, तुम्ही चुकताय."

"चुकतोय असं वाटलं, मग ते तरी सांगायचं!"

"ते सांगायचं नसतं."

"आणि बरोबर असलो तर?"

"तेही नसतं."

दोघीतिघी खो खो हसायला लागल्या. सुपरवायझरबाई नाही. चिठ्ठीवाली बाई कातळाकडे बघत होती. "छापलेला नकाशा चुकतो?" ती म्हणाली. ती फार गंभीरपणे विचारत होती, जणू कुणी तिला सांगितलं होतं की सूर्य कधीकधी उगवत नाही.

"हा बहुतेक मी चुकवलाय," साडू म्हणाले.

यानंतर जे झालं ते कसं झालं, हे त्यांना नीट सांगता येत नाही. मी अनेकदा विचारलं. कुणीतरी म्हणालं, कसा चुकवला ते दाखवा. मग यांनी एका बाईला टेकाडावर पाठवलं, ती साहेब. दुसरीच्या हातात काठी दिली, ती दांडीवाला. टेकाडावरच्या बाईनं डावा हात लांब केला. काठीवाली एकीकडे गेली आणि तिच्याबरोबरच्या चौघी ओरडल्या, "अगं, तिकडे नाही, इकडे!" दहा जणींचे दोन तट पडले. प्रत्येकीला साहेब व्हायचं होतं. साडू मध्ये उभे राहून भरभरून बोलत होते, दुर्बीण, तिपाई, ऊन, दाढदुखी, सगळं. शेवटी ओढ्यापलीकडची खाण त्या बायकांनी स्वतःच तीन ठिकाणांहून नजर लावून नकाशावर योग्य जागी बसवली आणि तिथे जाऊन झेंडी काढली. सुपरवायझरबाई एका दगडावर पाठ करून बसल्या होत्या, त्याही शेवटी उठून आल्या आणि म्हणाल्या, तुमची रेषा वाकडी आहे. होतीही वाकडी.

पाचवी आणि सहावी झेंडी राहूनच गेली. पाणी संपलं. केंद्रावर परत यायला दीडचे चार वाजले. वाटेत फौजी आणि शिट्टी दोघंही शोधत येताना भेटले. शिट्टी तोंडात शिट्टी धरून उभी होती. फुंकणारच होती, हे दिसत होतं.

बायका बसमध्ये बसून गेल्या. जाताना प्रत्येकीनं कागदावर अभिप्राय लिहिला. सुपरवायझरबाईंनी दोन पानं तक्रार लिहिली, मुद्दे काढून, आणि साडू म्हणतात, एकही मुद्दा खोटा नव्हता. एकीनं लिहिलं, काय शिकवलं ते कळलं नाही, परत यायला आवडेल. चिठ्ठीवाल्या बाईनं कागद कोरा दिला.

संध्याकाळी दोघांनी त्यांना समोर बसवलं.

"वेळ चुकली," फौजी म्हणाले. "पाणी संपलं. वाट चुकतेय असं वाटत असताना गप्प बसलात. हे तीन. माझ्याकडून नापास."

"वाट चुकत नव्हती," साडू म्हणाले.

"पण तुम्हाला वाटत होतं ना?"

साडूंनी मान डोलावली.

शिट्टी बराच वेळ कागद उलटे-सुलटे करत होती. "काका," ती म्हणाली, "नकाशा मी इतक्या लोकांना शिकवलाय, पण आजच्यासारखा कधी शिकवला गेला नाही माझ्याकडून. आणि दोन तास तुमचा पत्ता नव्हता, मी इथे घाबरून अर्धी झाले. हा दिवस चांगला होता की वाईट, मला खरंच कळत नाहीये."

"मग मी काय समजू?"

या वेळी तिनं उलट विचारलं नाही. "मला माहीत नाही," म्हणाली.

निकाल असा लागला: एक महिना थांबा, पुन्हा परीक्षा.

त्या महिन्यात ते फार हिंडले नाहीत. एकदा आम्ही चौघं त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. ताई वह्या तपासत होती. एकाएकी साडू तिला म्हणाले, "तू कसं करतेस ग?"

"काय?"

"शिकवतेस कसं?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारत होते. ताईनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. ती म्हणाली, "रोज शाळेतून येताना मला वाटतं, आज काहीच झालं नाही. आणि वर्ष सरता सरता पोरं वाचायला लागलेली असतात. कधी लागली, कशानं लागली, मला आजवर सापडलेलं नाही. मी पाळत ठेवून बघितलंय."

"आणि तुला चालतं हे?"

"न चालून सांगू कुणाला?" ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.

दुसरी परीक्षा झाली. गट होता एका विमा कचेरीतल्या कारकुनांचा. साडूंनी ऊन स्वतःच्या तोंडावर घेतलं, पाठ करून डावा हात दाखवला, वेळेवर निघाले, वेळेवर आले. सहाच्या सहा झेंड्या मिळाल्या. पाणी उरलं. कुणाला काही प्रश्न पडला नाही. दोघांनीही पास केलं, फौजींनी तर हात मिळवला. साडू घरी आले आणि म्हणाले, "आज मी काहीच केलं नाही. आणि आजच पास झालो." ताईनं पेढे आणायला निघालेल्या मला जिन्यातून परत बोलावलं, म्हणाली, थांबा, त्यांचं तोंड आधी जाग्यावर येऊ दे.

याला सात वर्षं होत आली. ते तिथेच आहेत आणि आता नव्यांना तयार करणाऱ्यांत त्यांचीही गणती होते. मधल्या काळात त्यांनी मोजणी खात्याला रीतसर पत्र लिहिलं, की अमुक नकाशावर खाण आणि कातळ यांची अदलाबदल आहे, चूक बहुधा माझी आहे, दुरुस्त व्हावी. आठ महिन्यांनी उत्तर आलं. दुरुस्तीचा अर्ज लगतच्या जमीनधारकानेच करावा लागतो. लगत जमीनधारक नाही, ओढा आहे. नकाशा आहे तसा आहे.

तेव्हा दर हंगामात तोच पेच. गट चौथ्या खुणेपाशी आला की नकाशा चुकीचा आहे हे आधी सांगून टाकायचं, की लोकांना कातळापर्यंत जाऊ द्यायचं? कधी सांगतात, कधी नाही. सांगितलं की लोक मान डोलावून पुढे जातात. नाही सांगितलं की कधी कुणाला ते सापडतं आणि दिवस उजळतो, कधी नुसतंच भांडण होतं आणि एकजण पाय मुरगाळून घेतो. कुठल्या गटाला काय करायचं, हे ते कशावरून ठरवतात, असं मी विचारलं होतं. म्हणाले, ठरवत नाही, तोंड उघडतं किंवा उघडत नाही.

मागच्या महिन्यात मी स्वतः एक दिवस गेलो होतो बघायला. साडूंच्या हाताखाली एक नवी शिकाऊ होती, आधी दंतवैद्याकडे मदतनीस होती. सोळा जणांचा गट फाटकाशी उभा. ती यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आधी बोलू की आधी चालायला लागू?"

साडू विचारात पडले. खरोखर विचारात पडले, मी शेजारीच होतो. तिच्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "म्हणजे असं बघ," म्हणाले आणि थांबले. ती वहीवर पेन टेकवून वाट बघत होती.

तेवढ्यात गटातल्या कुणीतरी फाटक ढकललं आणि सोळाच्या सोळा माणसं बोलत बोलत वाटेला लागली.

"अहो, थांबा, थांबा!" साडू म्हणाले, आणि दोघंही त्यांच्या मागे पळाले.